शेणकिडे कुठवर चढतात

रुतिम गुंटिंगला माणसं फारशी आवडत नसत आणि ते तिनं कधी लपवलंही नाही. बावीस वर्षं तिनं अकी नाबालू डोंगराच्या वाटेवर ओझी वाहिली. कपाळावर पट्टा, पाठीवर वेताची वाकिद, वाकिदीत तांदूळ, अंडी, गॅसची टाकी आणि नजरेसमोर पाहुण्यांचे पाय. वाकून चढणाऱ्या हमालाला माणसाचे पायच तेवढे दिसतात. रुतिमचं म्हणणं, तोंड बघून माणूस कळत नाही एवढा पाय बघून कळतो. कुणाला बूट चावतायत आणि तो राग बायकोवर काढतोय. कुणी दर शंभर पावलांवर नाडी बांधायचं निमित्त करून थांबतोय. कुणी वर पोचायच्या आधीच, खाली जाऊन काय सांगायचं ते मनात जुळवतोय. "एवढा खर्च करून दमायला येतात," ती म्हणायची. "घरी बसून दमता आलं असतं की."

गावातल्या माणसांबद्दल तिचं मत याहून वाईट होतं, कारण ती तिला जास्त माहीत होती.

सोदोंगान हे गाव डोंगराच्या पूर्व उतारावर, कोबीच्या वाफ्यांमध्ये विखुरलेलं. नवरा गेल्याला आठ वर्षं झाली होती, मुलगी लग्न होऊन खाली रानाउला गेली होती. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी रुतिमच्या डाव्या गुडघ्यानं टाक्या वाहायला नकार दिला आणि ती कोबी लावत घरी बसली. शेजारी धाकटा दीर राहायचा, जुसिन. गावात गाडी आली की तिच्या आवाजाच्या आधी जुसिन रस्त्यावर पोचलेला असे. कुठल्याशा पथकानं कधीकाळी दिलेली बिल्ल्याची टोपी तो डोक्यावरून उतरवत नसे. जेवतानाही नाही. गावाची सगळी अक्कल आपल्या या टोपीखाली झाकलेली आहे असं तो वागायचा आणि लोक मानायचेही. रुतिमला वाटे, टोपी काढली तर खाली नुसतं टक्कल निघेल. आणि खरोखरच तेवढंच होतं.

त्या वर्षी समुद्रापलीकडून, पेनांगहून, एक डॉक्टर आली. डॉक्टर तेओ. ही औषधं देणारी नव्हे, किड्यांची. तिशीतली, बारीक, चष्मा लावणारी, आणि दर अर्ध्या तासाला हाताला काहीतरी चोळणारी. तिनं गावच्या सभागृहात माणसं जमवली आणि काय हवं ते सांगितलं. डोंगराच्या पायथ्यापासून झाडं संपतात तिथपर्यंत सहा ठिकाणं. सगळ्यात खालचं सहाशे मीटरवर नदीकाठी, सगळ्यात वरचं बत्तीसशेवर. प्रत्येक ठिकाणी जमिनीत प्याले पुरायचे, प्याल्यात साबणाचं पाणी, वर काडीला टांगलेलं आमिष. दोन दिवसांनी पडलेले किडे गाळून स्पिरिटच्या बरणीत घालायचे आणि आत पेन्सिलीनं चिठ्ठी लिहून टाकायची. कुठले शेणकिडे कुठवर चढतात, हे तिला बघायचं होतं.

"आमिष कसलं?" कुणीतरी विचारलं.

डॉक्टरनं जुसिनच्या कानात सांगितलं. जुसिननं टोपी नीट केली. "ती म्हणते, आपलं ते... सकाळचं."

"सकाळचं काय?"

"अरे, सकाळचं! माणसाचं. जनावराचं चालत नाही म्हणे तेवढं."

सभागृहात असा हशा पिकला की बाहेरची कुत्री भुंकू लागली. मग हसू ओसरलं आणि सगळ्यांना अचानक आपापली कामं आठवली. कुणाची म्हैस सुटली होती, कुणाच्या सासूला ताप होता. डॉक्टर गोरीमोरी होऊन उभी होती.

रुतिम मागच्या बाकावर होती. ती उठली. "बावीस वर्षं मी पाहुण्यांचं खाणं वर नेलंय," ती म्हणाली. "आणि त्यांनी वर सोडलेलं पिंपात भरून खालीही आणलंय. तेव्हा तुम्ही सगळे मला काकू काकू करत होतात, पगाराच्या दिवशी. मला चालेल."

काम ठरलं. रुतिमकडे खालची तीन ठाणी. वरची तीन जुसिननं स्वतःकडे घेतली, हाताखाली दोन माणसं घेऊन. वरचं काम पुरुषाचं, असं त्यानं डॉक्टरला परस्पर सांगून टाकलं. आयुष्याचा अर्धा भाग वर जाऊन आलेली बाई चार हातांवर बसलेली असताना. मूर्खाला दुरुस्त करण्यात वेळ जातो आणि तो मूर्खच राहतो, असा रुतिमचा अनुभव होता.

गावानं नाक मुरडलं ते मुरडलंच. आठवडी बाजारात तिच्या हातचा कोबी बायका उचलून परत ठेवू लागल्या. रविवारी चर्चमध्ये तिच्या दोन्ही बाजूंना बाकावर जागा सुटायची. रुतिम त्या जागेत मांडी ऐसपैस पसरून बसायची. इतक्या वर्षांत तिला प्रार्थना एवढी आरामात कधी ऐकता आली नव्हती.

शेणकिड्यांबद्दलही सुरुवातीला तिला काडीचा आदर नव्हता. जो प्राणी असलं खातो, त्याला काय म्हणायचं? पण नदीकाठच्या ठाण्यावर पहिल्याच दिवशी आमिषाची पुरचुंडी बांधून होते न होते तोच ते हजर झाले. घूं घूं करत, झाडांवर आपटत, एकमेकांच्या डोक्यावर पडत. काही अंगठ्याएवढे, डोक्यावर शिंग असलेले. काही तांदळाच्या दाण्याएवढे. काही गोळ्या करून उलट्या पायांनी ढकलणारे, काही जागच्या जागी खड्डा करून बुडणारे, आणि काही नुसतेच दुसऱ्याची गोळी पळवणारे. या शेवटच्यांना तिनं मनात गावातल्या एकेकाची नावं दिली होती.

मग महिन्यांमागून महिने तीच वाट, तेच प्याले, आणि तिला डोळ्यांनी फरक कळू लागला. अकराशे मीटरवर बरेचसे तेच, पण शिंगवाला बाप्या तिथं क्वचित दिसे. सोळाशेवर तो औषधालाही नाही. तिथं किडे थोडे, पण त्यांच्यात एक हिरवट, चकचकीत, नखाएवढा किडा होता, जो खाली एकदाही सापडला नाही. म्हणजे खालचे वर येत नव्हते आणि हा खाली उतरत नव्हता. का, ते तिला माहीत नव्हतं. पण कोण कुठं राहतो एवढं तिला माहीत झालं होतं. गावातली कुठली बाई कुठल्या ओट्यावर बसते हे माहीत असावं तसं.

डॉक्टरनं गावाबाहेरच्या पत्र्याच्या शेडमध्ये बरण्या मांडल्या होत्या. सगळ्यांच्या बरण्या धुऊन, स्पिरिट बदलून ठेवायचं काम रुतिमकडेच होतं, कारण दुसरं कुणी हात लावत नसे. पाचव्या महिन्यात ती जुसिनच्या बत्तीसशेच्या बरणीतलं स्पिरिट बदलत होती. चाळणीत किडे पडले आणि तिचा हात थांबला. शिंगवाला बाप्या. एक नव्हे, चार. त्यांच्या पायांना चिकटलेले जाड, काळे केस. म्हशीचे.

बत्तीसशे मीटरवर म्हैस! तिथं माणूस श्वास मोजून घेतो.

तिनं मागच्या महिन्यांच्या बरण्या काढल्या. सगळीकडे तेच. डोंगराच्या टोकावरच्या बरण्या नदीकाठच्या बरण्यांसारख्याच गच्च भरलेल्या, आणि सोळाशेवरचा हिरवा किडा त्यांच्यात एकही नाही. म्हणजे जुसिनचे किडे मधली उंची टाळून एकदम उडी मारून वर गेले होते. रुतिम त्या चाळणीकडे बघत राहिली. दीर चोर आहे याचं तिला नवल नव्हतं. चोरीतही त्यानं एवढा आळस करावा, निदान जरा वेगवेगळ्या जागी जाऊन किडे आणावेत एवढीही तसदी घेऊ नये, याचा तिला संताप आला.

पुढच्या गुरुवारी, जुसिन वर गेल्याचं सगळं गाव सांगत असताना, ती त्याच्या सासऱ्याच्या म्हशींच्या डबक्याकडे उतरली. बांबूच्या बेटामागं चटई पसरून जुसिन बसला होता. केळीच्या पानावर भात आणि खारवलेली मासळी. बाजूला चिखलात घरच्या जुन्या प्याल्यांच्या तीन रांगा पुरलेल्या आणि प्रत्येक रांगेपुढं काठीला कागद बांधलेला: एकवीसशे, सत्तावीसशे, बत्तीसशे.

"छान उंची आहे," रुतिम म्हणाली. "दम नाही लागला?"

जुसिनचा घास हातात राहिला. पण तो सावरला. सावरणं हा त्याचा धंदाच होता. "या वहिनी, बसा. भात आहे."

"भात नको. हे काय चाललंय?"

"काय चाललंय! तिला किडे हवेत, मी किडे देतो. वर जाऊन बघितलं होतं मी, पहिल्या खेपेला. पाऊस, थंडी, आणि प्याल्यात काय? घंटा. असा रिकामा हात घेऊन डॉक्टरपुढं जायचं? माणसाला काही इभ्रत असते."

"तुला?"

"टोमणे मारू नका. डॉक्टर खूश आहे. माझ्या हाताखालच्या दोघांना मजुरी मिळतेय. कुणाचं काय बिघडलं? शेणकिड्याला काय माहीत तो कितव्या मीटरवर आहे?"

"त्याला माहीत आहे," रुतिम म्हणाली. "तुलाच माहीत नाही."

जुसिननं टोपी मागं सरकवली आणि आवाज खाली आणला. "सांगा तिला. खुशाल सांगा. काम बंद पडेल, आणि गाव विचारेल कुणामुळं. आधीच तुमच्या शेजारी कुणी बसत नाही."

"त्याचं मला बरंच आहे," ती म्हणाली आणि निघाली.

त्याच दुपारी ती शेडमध्ये गेली. डॉक्टर भिंतीवर लावलेल्या आलेखापुढं उभी होती. तिचे डोळे चमकत होते. "रुतिमताई, हे बघा! सगळीकडे किड्यांची ही रेघ वर जाताना खाली उतरते. इथं शेवटी पुन्हा चढते! डोंगर तापतोय, खालचे किडे वर सरकतायत. मी मागच्या महिन्यात परिषदेत थोडंसं बोललेसुद्धा."

"ते सरकले नाहीत," रुतिम म्हणाली. "त्यांना बरणीत घालून सरकवलंय." आणि तिनं डबकं, चटई, काठ्या, केस, सगळं सांगितलं.

डॉक्टर ऐकत होती, पण तिचा चेहरा हळूहळू मिटत गेला. मग ती अगदी सौम्यपणे म्हणाली, "ताई, तुमच्यात आणि जुसिनमध्ये काही घरगुती आहे का?"

"आहे ना. तो माझा दीर आहे. तरी चोर आहे."

"तसं नाही. म्हणजे वरची ठाणी त्याला मिळाली, तुम्हाला नाही मिळाली..."

रुतिमनं तिच्याकडे पाहिलं. एवढं शिकून बाई शेवटी सभागृहातल्या बायकांच्याच ओळीत येऊन बसली होती. "बरं," ती म्हणाली.

गुडघ्याला फडकं बांधून ती दुसऱ्या दिवशी स्वतःच निघाली. कुणी पाठवलं नव्हतं, मजुरी मिळणार नव्हती. पाठीवर दहा प्याले, घट्ट झाकणाचा डबा, तांदूळ. वाटेत उतरणारे ओळखीचे हमाल नाक दाबून हसले. तिनं बत्तीसशेवर, खुरट्या झाडांच्या मुळांत, नियमाप्रमाणे प्याले पुरले. वरून पानांचं छप्पर केलं. मग हमालांच्या खोलीत दोन दिवस थांबून ती सकाळ-दुपार बघून यायची. खाली ज्यावर क्षणात झुंबड उडायची ते आमिष इथं धुक्यात तसंच लोंबकळत होतं. दुसऱ्या दिवशीही तसंच. त्याला वाससुद्धा राहिला नव्हता. एक निळसर माशी आली, काडीवर बसली, पाय घासले आणि निघून गेली. तीही नापसंत करून गेल्यासारखी.

रिकामी बरणी, आत चिठ्ठी, तारीख आणि उंची. तिनं ती डॉक्टरच्या टेबलावर ठेवली.

"काहीच नाही?" डॉक्टर म्हणाली. "प्याले जमिनीच्या पातळीला नसतील बसले. किंवा पाऊस. ताई, एकदा मिळाले नाहीत म्हणजे तिथं नाहीतच, असं होत नाही."

"तुम्ही किती वर गेलाय?"

"मी?... एकोणीसशेपर्यंत. मला दमा आहे लहानपणापासून."

रुतिम हसली. आवाज न करता, फक्त ओठाच्या एका कोपऱ्यानं. त्या हसण्यात असं काही होतं की डॉक्टर तेओच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "उद्या निघू," डॉक्टर म्हणाली.

डॉक्टर पुढं, रुतिम मागं. तिच्यापुढं पुन्हा पाय आले. नवे बूट, दोन-दोन मोजे, पाऊल टाकण्याआधी दगड पारखायची सवय. रुतिमनं मनात पैज लावली, की ही दोन हजाराच्या खांबाशी बसणार. ती तिथं बसली नाही. पुढच्या खांबाशी ती दम्याच्या औषधाची फुंकणी तोंडात घालून दोनदा ओढून पुन्हा चालू लागली. पायऱ्यांच्या खड्या चढावर तिचा डावा पाय तिरका पडू लागला. विसाव्याला बूट काढला तेव्हा मोजा अंगठ्याशी लाल झालेला होता. त्याबद्दल ती अवाक्षर बोलली नव्हती. रुतिमनं पैज बदलली.

वाटेत मोस नावाच्या शेवाळानं लडबडलेल्या उतारावर घटपर्णीची झाडं आहेत, मोठ्या, तांबड्या, पाण्याच्या घटांची. तिथं डॉक्टर अचानक थबकली. एका घटाच्या काठावर खारीएवढा झाडउंदीर बसला होता. झाकणाच्या आतल्या बाजूचा गोड रस चाटत होता आणि चाटता चाटता त्यानं घटातच विधी उरकला आणि तो पळाला.

"मी फक्त वाचलं होतं," डॉक्टर पुटपुटली. "झाड त्यावर जगतं."

"मग? वर किडे मिळत नाहीत, म्हणून झाडच तोंड उघडून बसलंय. माझी आजी सांगायची."

"कारण तेच आहे असं अजून कुणी सिद्ध केलेलं नाही."

"आजीला कुणी विचारलं नव्हतं," रुतिम म्हणाली.

सत्तावीसशेच्या ठाण्यावर झाडाला बांधलेली लाल फीत होती. खड्डा एकही नव्हता. मोस बोटभर जाड, सलग. बत्तीसशेवर रुतिमच्या दहा खड्ड्यांखेरीज जमिनीला कुणी हात लावला नव्हता. डॉक्टर शोधत राहिली. शेवटी एका कपारीत तिला जुसिनला दिलेले प्याले सापडले. तीस, एकात एक बसवलेले, प्लास्टिकच्या वेष्टनात, दुकानातून आणले तसे. वेष्टनाच्या आत पाणी साचून शेवाळ धरलं होतं.

ती खाली बसली. "पाच महिने," ती म्हणाली. "मी लोकांपुढं उभी राहून सांगितलं. मला हवं होतं ते दिसलं आणि मी विचारलं नाही, की बत्तीसशेवर म्हशीचा केस कसा. तुम्ही सांगितलंत तरी नाही विचारलं."

सांत्वन करणं रुतिमला जमत नसे. तिला त्यात खोटेपणा वाटे. तिनं पानात बांधलेला भात सोडला, त्यावर तुहाउचं, म्हणजे रानआल्याचं, उग्र लोणचं घातलं आणि पुढं केलं. "खा. याचा वास आपल्या आमिषापेक्षा थोडा बरा आहे."

डॉक्टर रडता रडता हसली आणि तिला ठसका लागला.

खाली आल्यावर सभागृहात पुन्हा माणसं जमली. जुसिन पहिल्या रांगेत, टोपीसकट. त्याला शरम वाटेल अशी डॉक्टरची अपेक्षा असावी. रुतिमची नव्हती. "मी किडे दिले नाहीत का?" तो म्हणाला. "एकेक बरणी भरून दिली. दुसऱ्या कुणी एवढे दिले? चूक झाली ती चिठ्ठीची झाली." आणि माना डोलल्या! रुतिमनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्या, पंधरा-वीस माना, एका लयीत, वाऱ्यावरच्या कोबीच्या पानांसारख्या.

काम थांबलं. डॉक्टर बरण्या घेऊन परत गेली. तीन महिने गावात एकच विषय होता, आणि तो जुसिन नव्हता. "तोंड मिटून बसली असती तर काय झिजलं असतं?" "नवरा नाही, मग दिराचं बरं बघवत नाही." चर्चमध्ये आता तिच्या बाकावर कुणीच बसेना. रुतिमनं वाफे खणले, कोबी विकायला मुलीकडे रानाउला पाठवला, आणि ज्या लोकांचं बोलणं मनावर घ्यावं असे लोक या उतारावर राहतच नाहीत, असं स्वतःला सांगितलं. बहुतेक दिवशी ते तिला पटायचं.

भातकापणीच्या सुमाराला एका सकाळी तिच्या पायरीशी गिंबिन येऊन उभी राहिली. गिंबिन म्हणजे जुसिनची बायको. चाळिशीची, रुंद खांद्यांची, दिवसभरात चार वाक्यं बोलणारी. कमी बोलते म्हणून गावानं तिला मंद ठरवून टाकलं होतं. रुतिमनंही.

"काय गं? त्यानं पाठवलं?"

"नाही. डॉक्टरचं पत्र आलंय पाद्रीबुवांकडे. ती परत येतेय. थोड्या पैशांत, एक वर्ष. तुम्हालाच विचारलंय फक्त." गिंबिन थांबली. "सहा ठाणी तुम्हाला एकटीला झेपणार नाहीत, जाऊबाई. मला घ्या."

"तुला? तुझ्या घरातलीच घाण आहे ती सगळी."

"माहीत आहे. डबक्यातले प्याले मीच पुरायचे. तो बसायचा. चिठ्ठ्याही मीच लिहिल्या. त्याचं अक्षर वाचता येत नाही."

"आणि हे तू तोंड वर करून सांगतेस?"

"तुम्ही तरी सरळ विचाराल म्हणून. बाकी कुणी विचारलंच नसतं." ती वळली, आणि मग वळल्या वळल्या म्हणाली, "सोळाशेचा हिरवा किडा मला त्याच्या बरण्यांत घालता आला असता. तुमच्या बरणीतून दोन उचलायचे फक्त. नाही घातला. कुणाला तरी कळू दे म्हटलं."

रुतिम तिच्या पाठीकडे बघत राहिली. एवढी वर्षं भिंतीपलीकडे राहणाऱ्या बाईला तिनं कोबीच्या गड्ड्याइतकीही किंमत दिली नव्हती. याचा तिला राग आला, आणि या खेपेला तो दुसऱ्या कुणावर ढकलता येईना. "उद्या सहाला ये," ती ओरडली. "आणि घरून आमिषाचा डबा आणू नकोस, माझ्याकडे आहे."

वर्षभर दोघींनी सगळा डोंगर केला. डॉक्टर दर तीन महिन्यांनी यायची, फुंकणी ओढत प्रत्येक ठाण्यावर स्वतः जाऊन प्याले मोजायची, आणि दोघींनाही आधी विचारायची, मग बरणी उघडायची. रेघ उतरली. नदीकाठी छत्तीस जातींचे किडे, सोळाशेवर अकरा, त्यांतल्या चार खाली कुठंच न सापडणाऱ्या, एकवीसशेवर तीन. सत्तावीसशेवर अख्ख्या वर्षात एकाच जातीचे सात किडे मिळाले, काळपट, मुगाएवढे, उचलले की मेल्याचं सोंग घेणारे. बत्तीसशेवर बारा महिन्यांत बारा रिकाम्या बरण्या. जुसिन आता रस्त्यावर येणाऱ्या पाहुण्यांना सांगू लागला, की टोकावर शेणकिडे नसतात हे कळलं ते त्याच्यामुळं. लोक माना डोलवतच होते. घरी स्वयंपाक मात्र त्यालाच करावा लागे, आणि भात कधी करपायचा, कधी कच्चा राहायचा.

शेवटच्या खेपेला वरचे प्याले उपटायचे होते. गिंबिननं एकेक खड्डा मातीनं बुजवला, वर मोसाची चकती बसवून हातानं थापली. कुणी सांगितलं नव्हतं. रुतिम दगडावर बसून गुडघा चोळत होती. सकाळपासून तो तिला वाकू देत नव्हता.

"उठा," गिंबिन म्हणाली. "धुकं चढतंय."

रुतिमनं वाकिदीच्या पट्ट्याकडे हात नेला, तर वाकिद जागेवर नव्हती. गिंबिननं ती आपल्या वाकिदीवर उलटी बसवून दोरीनं आवळली होती आणि पट्टा कपाळाला लावत होती.

"ए, ठेव ती खाली. माझी आहे."

गिंबिन चालू लागली.

"बहिरी आहेस का? गाढवा! मी अजून मेले नाही. तुझ्या नवऱ्याला नाही वाहिलंस एवढं मला वाहू नकोस."

"त्यालाच वाहिलं वीस वर्षं," गिंबिन न वळता म्हणाली. "तुम्ही हलक्या आहात."

रुतिम शिव्या घालत उठली, काठी शोधली आणि तिच्या मागून, एकेक पायरी पारखत, उतरू लागली.